जागरूक ग्राहकाची दंतकथा

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास माझ्या टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेल्या प्रकल्पांची चळत येऊन पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवीच्या सर्वच शाखांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला, आणि सक्तीच्या विषयाचे जे होते तेच त्याचेही झाले : ज्या विभागाकडे तास कमी, त्याच्या गळ्यात तो पडला. आमच्या महाविद्यालयात हा मान अर्थातच मराठी विभागाचा आहे. त्यामुळे 'पर्यावरणपूरक उत्पादनांच्या खरेदीवर परिणाम करणारे घटक' या एकाच विषयावरचे, एकाच प्रश्नावलीवरून बेतलेले आणि एकाच निष्कर्षाला पोचणारे प्रकल्प मी गेली अकरा वर्षे तपासत आले आहे. निष्कर्ष असा, की ग्राहकांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे, शिक्षणाबरोबर जागरूकता वाढते, सबब जनजागृती करावी.

हा निष्कर्ष खोटा आहे, असे माझे म्हणणे आहे. अपुरा नव्हे, खोटा. तो इतका टिकाऊ ठरला याचे कारणही उघड आहे. तो आपल्यासारख्या शिकलेल्या, पगारदार आणि शब्दांवर जगणाऱ्या मंडळींना फार सोयीचा आहे.

गेल्या वर्षीच्या चळतीत एका विद्यार्थिनीचा प्रकल्प होता. तिने तीस जणांकडून प्रश्नावली भरून घेतली होती आणि त्यांतली एक तिच्या आईची होती. आई आठवडी बाजारात भाजी विकते. 'आपण पर्यावरणपूरक उत्पादने खरेदी करता का?' नाही. 'आपण कापडी पिशव्या खरेदी करता का?' नाही. 'उत्पादनावरील पर्यावरणविषयक चिन्हे आपणास ओळखता येतात का?' नाही. 'अशा उत्पादनांसाठी अधिक किंमत मोजण्याची आपली तयारी आहे का?' नाही. अकरा प्रश्नांना अकरा नकार, गुण शून्य, वर्गवारी 'अजागरूक'. त्याच तीस जणांत मीही होते, कारण मुलींना तीसचा आकडा गाठायचा असला की शेवटचे दोनतीन अर्ज प्राध्यापकांकडूनच भरून घेतले जातात. मला अकरापैकी नऊ गुण पडले होते. मी 'जागरूक'.

तोंडी परीक्षेच्या वेळी मी तिला सहज विचारले, आई भाजी घालायला काय वापरते? "आजीच्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्यात मॅडम. विकत कशाला घ्यायच्या?" मग एकेक निघत गेले. तेलाचा पत्र्याचा डबा धान्याला, धान्याचे पोते अंथरायला, अंथरूण विरले की पोतेऱ्याला. घरात फ्रीज नाही. उरलेली भाजी शेजारच्या शेळ्यांना जाते. रिकामी बाटली फेकलेली तिने घरात कधी पाहिलेली नाही. हे सगळे सांगताना तिच्या आवाजात अभिमान नव्हता, किंचित संकोचच होता. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, आईचा फॉर्म काढून टाकू का? त्याने सगळी टक्केवारी बिघडते."

मी तिला काय उत्तर दिले ते पुढे सांगेन. आधी त्या प्रश्नावलीचा हिशेब करू.

सगळी मेख 'खरेदी' या क्रियापदात आहे. जो विकत घेतो त्याच्याच पर्यावरणनिष्ठेची मोजदाद करायची असे एकदा ठरले, की जो विकतच घेत नाही तो आपोआप गुन्हेगारांच्या रांगेत जाऊन बसतो. वर्षाला चार नव्या बांबूच्या टूथब्रशांची ऑनलाइन मागणी करणारा, आणि ती चार वेगवेगळ्या खोक्यांतून घरपोच मागवणारा, जागरूक ठरतो. जुन्या लुगड्याची पिशवी शिवणारी अजागरूक ठरते. येथे एक खुलासा केला पाहिजे. गरिबीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. त्या बाईलाही फ्रीज हवा आहे, आणि तो मिळाला तर मला आनंदच होईल. तिची काटकसर हे व्रत नाही, ती नाइलाज आहे. पण मोजमाप करायला निघालेल्याने नाइलाजाने का होईना, न झालेला कचराही मोजला पाहिजे की नाही?

या प्रश्नावलीचे मूळ शोधत गेले तेव्हा आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाच्या १९९१ मधल्या गाजलेल्या लेखापाशी पोचले. नियोजित वर्तनाचा त्यांचा सिद्धान्त ग्राहकांच्या अभ्यासात अजूनही पायाभूत मानला जातो. माणूस एखादी गोष्ट करण्याचे मनावर घेतो ते तीन गोष्टींवरून, असे आयझेन सांगतात. त्या गोष्टीविषयीची त्याची वृत्ती ही पहिली. ज्यांच्या मताला तो किंमत देतो त्यांची अपेक्षा ही दुसरी. ती गोष्ट करणे आपल्या हातात आहे की नाही याची त्याला असलेली जाणीव ही तिसरी. सिद्धान्त म्हणून यात समंजसपणा आहे. आपल्याकडे पोचेपर्यंत मात्र तिघांपैकी पहिलीच उरली. वृत्ती विचारणे सोपे असते, कारण कोणीही 'मला पर्यावरणाची काळजी वाटत नाही' असे कागदावर लिहून देत नाही. शेजारी काय म्हणतात, आणि वस्तू दुकानात आहे का, परवडते का, हे विचारायचे तर उत्तरांमधून दुकानदार, कारखानदार आणि सरकार यांची नावे निघू लागतात. मग प्रकल्पाच्या शेवटी 'जनजागृती करावी' हे पालुपद लिहिता येत नाही.

प्रत्यक्षात माणसे कशाने बदलली, हे आपल्याच घराच्या छताकडे पाहिले तरी कळते. पंधरा वर्षांपूर्वी तिथे पिवळा दिवा किंवा सीएफएल होता, आज एलईडी आहे. हा बदल कोणत्या पथनाट्याने झाला? जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१४ च्या आरंभी सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत सुमारे ३८ रुपयांवर आला. अनेक ठिकाणी तो वीजबिलातून हप्त्याने मिळाला. या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे गेले. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कितीजणांना हवामानबदल ठाऊक होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. भारत सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाला कमी अपाय करणाऱ्या वस्तूंसाठी 'इकोमार्क' नावाचे चिन्ह आणले. चिन्ह होते मातीच्या मडक्याचे. कल्पना सुंदर होती, इतकी की मराठीच्या प्राध्यापकाला तिच्यावर निबंध लिहावासा वाटावा. वाचकांपैकी किती जणांनी हे मडके एखाद्या साबणावर किंवा रंगाच्या डब्यावर पाहिले आहे? योजना ऐच्छिक होती, उद्योगांनी ती घेतली नाही, आणि अखेर २०२४ मध्ये नवे नियम करून ती बदलावी लागली. याउलट ऊर्जाबचतीचे तारे २००६ मध्ये आले, २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री रेफ्रिजरेटर, एअर कंडिशनर यांसारख्या उपकरणांवर सक्तीचे झाले, आणि आज चौथी शिकलेली गृहिणीही दुकानात जाऊन 'किती स्टारचा?' असे विचारते. मडके सद्भावनेवर सोडलेले होते. ताऱ्यांच्या मागे कायदा होता आणि महिन्याच्या वीजबिलाचा आकडा होता. ग्राहक तोच, त्याची जागरूकताही तीच. तरीही प्रकल्पाच्या 'घटक' या प्रकरणात 'जाहिरात' आणि 'शिक्षण' यांना प्रत्येकी दोन पाने मिळतात आणि 'कायदा' हा शब्द मी अकरा वर्षांत दोनदाच वाचला.

दुधाचे घ्या. मुंबईत आरेच्या केंद्रावर दूध काचेच्या बाटलीतून मिळे. रिकामी बाटली परत द्यायची आणि भरलेली घ्यायची. पहाटे केंद्रासमोर उभ्या असलेल्या त्या माणसांना आजच्या भाषेत 'शून्य-कचरा जीवनशैली' जगणारे म्हणावे लागेल. त्यांना तसे कोणी म्हटले असते तर त्यांनी बाटली सावरत रांगेत पुढे सरकणेच पसंत केले असते. ते जागरूक नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेला नव्हता, एवढेच. पुढे पिशवी आली, ती विक्रेत्याला परवडणारी होती म्हणून आली. बाटली परत नेण्याचा, धुण्याचा, फुटतूट सोसण्याचा खर्च वाचला आणि रिकाम्या पिशवीची जबाबदारी मुकाट्याने ग्राहकाच्या कचऱ्याच्या डब्यात येऊन पडली. हा निर्णय घेताना ग्राहकाला कोणी प्रश्नावली दिली नव्हती. आता मात्र त्या पिशवीचे काय करायचे यावर त्याचे प्रबोधन चालू आहे.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि कैद. त्या जून-जुलैत लोक खरोखरच घरून पिशव्या घेऊन निघाले होते, हे मी माझ्या गावात डोळ्यांनी पाहिले. एका रात्रीत आमच्या गावाला निसर्गप्रेमाचा साक्षात्कार झाला नव्हता. भीतीही होती आणि 'सगळेच नेताहेत' हा दिलासाही होता. पण किराणा दुकानातल्या वेष्टनाला काही दिवसांतच सवलत मिळाली, तपासणी ढिली पडली, आणि पिशव्या परत आल्या. याच अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. ते ५० पैसे आपल्या हातात कधी पडले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. लोकांची वृत्ती जूनमध्ये एक आणि दिवाळीत दुसरी नव्हती. बदलला तो सरकारचा हात.

आयर्लंडने ४ मार्च २००२ रोजी प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंटचा कर बसवला. तो ग्राहकाकडूनच, पावतीवर स्वतंत्र दाखवून घ्यायचा होता. तोपर्यंत माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागत. त्यानंतर हा आकडा २१ च्या आसपास आला, तोही महिनोन्‌महिने नव्हे, काही आठवड्यांत. पंधरा सेंट ही तिथे कोणाचे दिवाळे काढणारी रक्कम नव्हती. पिशवी मागताना क्षणभर थांबावे लागते आणि मागे उभा असलेला पाहतो आहे हे जाणवते, इतकेच तिचे काम.

या मागे उभ्या असलेल्या माणसाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्याला आपल्या प्रकल्पांत स्थान नसते. अमेरिकेतील गोल्डस्टीन, सियाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या तिघांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला हॉटेलातल्या टॉवेलांचा प्रयोग आहे. 'पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' अशी पाटी ठेवली तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी तसे केले. 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असे लिहिले तेव्हा ४४ टक्क्यांनी केले. 'याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी' असे लिहिले तेव्हा प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले. वसुंधरेपेक्षा आधी त्या खाटेवर झोपून गेलेला अनोळखी प्रवासी अधिक प्रभावी ठरला. गंमत अशी, की 'ग्रीनवॉशिंग' हा शब्दही अशाच टॉवेलाच्या पाटीवरून जन्मला. जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्ये तो वापरला तो हॉटेलांच्या ढोंगावर बोट ठेवण्यासाठी. धुण्याचा खर्च वाचवायचा आणि श्रेय पृथ्वीच्या नावावर घ्यायचे! याच ग्रिस्केविशियस यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये दाखवले, की प्रतिष्ठेचा विचार मनात जागा केला तर माणसे हिरव्या वस्तूकडे वळतात, पण चारचौघांत खरेदी करायची असेल तर, आणि ती वस्तू साध्या वस्तूपेक्षा महाग असेल तर. तेव्हा 'अधिक किंमत मोजण्याची तयारी आहे का?' हा आमच्या प्रश्नावलीतला प्रश्न पर्यावरणप्रेम मोजत नाही. तो ऐपत मोजतो, आणि ऐपत दाखवण्याची हौस मोजतो. भाजीवाल्या बाईने त्याला 'नाही' म्हटले हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण.

आता माझ्या नऊ गुणांविषयी. माझ्या कपाटात मोजून एकोणीस कापडी पिशव्या आहेत. चर्चासत्रे, कार्यशाळा, एक अखिल भारतीय म्हणवणारे संमेलन, दोन लग्ने. प्रत्येकीवर आयोजकांचे नाव आणि एखादे हिरवे पान छापलेले. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ मध्ये पिशव्यांच्या जन्मापासून अंतापर्यंतचा हिशेब मांडला. साध्या सुती पिशवीचा हवामानावरचा भार प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीइतका खाली यायला ती निदान ५२ वेळा वापरावी लागते, सेंद्रिय कापसाची १४९ वेळा. सर्व प्रकारचे परिणाम धरले तर हे आकडे अनुक्रमे ७,१०० आणि २०,००० वर जातात. या अभ्यासात गटारात तुंबणाऱ्या किंवा गाईच्या पोटात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा हिशेब नाही, हे न विसरता सांगते. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी मुंबईत पाहिला त्यांना तो हिशेब निराळा शिकवण्याची गरज नाही. तरीही माझ्या एकोणिसांपैकी पंधरांची घडीसुद्धा मोडलेली नाही. 'आपणाकडे कापडी पिशवी आहे का?' या प्रश्नाला मी ठसठशीत 'होय' लिहिले होते.

भाषेच्या विद्यार्थिनीला 'पर्यावरणपूरक' या शब्दाविषयीही काही म्हणावेसे वाटते. पूरक म्हणजे उणे असेल ते भरून काढणारे. कारखान्यातून निघालेली, वीज, पाणी आणि खनिजे खाऊन जन्मलेली कोणती वस्तू पर्यावरणातील उणीव भरून काढते? फार तर ती कमी घातक असेल. 'कमी घातक साबण' असे वेष्टनावर लिहिले तर खरे ठरेल, पण खपणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून असे मोघम दावे पुराव्याविना करण्यास मनाई केली, ते योग्यच झाले. पण विक्रेत्यांच्या आधी हा शब्द आम्ही अभ्यासमंडळांत, पाठ्यपुस्तकांत आणि दिवाळी अंकांत रूढ केला. त्याची मनाई कोण करणार?

गणपतीचा विषय काढला की वाद ठरलेला, तरी टाळत नाही. शाडूची मूर्ती घ्या, असा उपदेश घरोघरी होतो. तो बहुधा बायकांना होतो, कारण घरात काय यावे याचा दोष त्यांच्याच माथी मारण्याची आपली जुनी वहिवाट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या तत्त्वांनी प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मज्जाव केला. त्यावर पेणच्या कारखान्यांपासून न्यायालयापर्यंत काय काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या कारागिरांची पोटापाण्याची अडचण खरी होती, तिची टिंगल मी करणार नाही. पण २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जे ठरले ते असे : सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच, आणि त्याहून उंच मूर्तींना तात्पुरती समुद्राची, नदीची मुभा. एवढ्या उंच मूर्तींना पुरतील असे तलाव नाहीत, ही त्यामागची व्यावहारिक अडचण मला समजते. तरी दीड फुटाच्या मूर्तीसाठी शाडूचे दुप्पट पैसे मोजायला निघालेल्या माझ्या शेजारणीला ती मी समजावून सांगू शकले नाही. तिने यंदा पीओपीचीच आणली. तिला आम्ही 'जागरूकता कमी झाली' या रकान्यात घालणार काय?

यावर कोणी म्हणेल, मग जनजागृती सोडूनच द्यायची का? तसे मी म्हणत नाही. आयर्लंडचा कर काही आकाशातून पडला नाही. त्यासाठी राज्यकर्त्यांवर दडपण आणणारे लोक लागले, आणि ते जागरूकच होते. परंतु ते एकेकटे दुकानात उभे राहून लेबल वाचत नव्हते. आपल्याकडेही 'ग्राहक' या शब्दाला एके काळी वेगळा दरारा होता. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तेव्हा ग्राहक म्हणजे एकत्र येऊन घाऊक माल आणणारी, भाव आणि वजन यांचा जाब विचारणारी, कायदा मागणारी माणसे होती. दुकानातली निवड हा त्यांचा लढा नव्हता. दुकानात काय ठेवले जाईल, हा होता. आमच्या प्रश्नावलीतला ग्राहक मात्र हिरव्या आणि पांढऱ्या बाटलीपुढे एकटाच उभा असतो, आणि त्याने चुकीची बाटली उचलली तर पृथ्वीचा ऱ्हास त्याच्या नावावर मांडला जातो. दोन्ही बाटल्या ज्याने भरल्या त्याचे नाव प्रकल्पात कोठेच येत नाही.

तर त्या मुलीला मी काय सांगितले? आईचा अर्ज काढू नकोस, असे सांगितले. तेवढे बरे केले. पण पुढे मी म्हणाले, प्रश्न खरेदीचा आहे, आई खरेदी करत नाही, तेव्हा 'नाही' हेच उत्तर बरोबर आहे, तसेच राहू दे. घंटा झाली होती आणि बाहेर अजून बारा जण उभे होते. तिने मान हलवली आणि वही मिटली.

या वर्षी मी प्रश्नावलीत एक प्रश्न घालून पाहिला : 'गेल्या वर्षभरात आपल्या घरी कोणती वस्तू विकत घ्यावी लागली नाही, आणि का?' समितीने तो 'संख्यात्मक मोजणी शक्य नाही' असा शेरा मारून परत पाठवला. जुनीच प्रश्नावली वाटली गेली. गेल्या वर्षीची उत्तम प्रकल्पांची बांधीव प्रत विभागाच्या कपाटात आहे. तिच्यात त्या मुलीचा प्रकल्प आहे, कोष्टक क्रमांक चारमध्ये 'अजागरूक' या रकान्यात तिची आई आहे, आणि मूल्यांकन समिती येईल तेव्हा ती प्रत मीच टेबलावर मांडून ठेवणार आहे.